नकाशा बरोबर द्या: हार्डवेअर ट्रेस आणि कर्नेलमधले ड्रायव्हर

(नाशिकमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि औद्योगिक वसाहतीतले अभियंते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘लिनक्स कर्नेलमधले कोअरसाइट ड्रायव्हर’. कोअरसाइट म्हणजे आर्म प्रोसेसर काय काय चालवतोय याची हार्डवेअरमध्येच नोंद, म्हणजे ट्रेस, घेणारी यंत्रणा; आणि तिला चालवणारे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये असतात. त्याकडे येतोच, पण आधी अंबड औद्योगिक वसाहतीतली हकिकत ऐका. या विषयात मी जे ठामपणे बोलतो ते तिथूनच आलंय.

तिथल्या एका कारखान्यात मशीन होतं. कंट्रोलरमध्ये चार कोअरचा आर्म प्रोसेसर, त्यावर लिनक्स. मशीन झकास चालायचं आणि मध्येच कधीतरी अ‍ॅक्सिस थांबायचा. स्क्रीनवर एकच ओळ: ड्राइव्हला वेळेत आदेश मिळाला नाही. सुपरवायझर पहिला फोन करायचे अर्थिंगवाल्याला. अर्थिंग नवं झालं, केबल बदलली, पॅनेलमध्ये जादा पंखा बसला. बिघाड आहे तिथेच. मग काम आमच्याकडे आलं. आम्हीही सगळे करतात तेच केलं, संशय होता त्या फंक्शनमध्ये एक प्रिंट-के, म्हणजे कर्नेलच्या लॉगमध्ये संदेश छापणारी ओळ, टाकला. बिघाड गायब! प्रिंट काढला की परत हजर.

मागच्या रांगेत माना डोलतायत, म्हणजे या पाहुण्याची ओळख तिकडेही आहे. प्रिंट करायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळाने सगळं गणितच बदलतं. म्हणून ज्या बिघाडाचं मूळ वेळेत आहे तो प्रिंट टाकून सापडत नाही.

अशा वेळी प्रोसेसरच्या पोटातलं ट्रेस युनिट कामाला येतं. आर्ममध्ये त्याला ईटीएम म्हणतात. कोअर आपल्या वेगाने पळत असतो, हे शेजारी राहून नोंद करतं. प्रत्येक सूचनेचा पत्ता लिहीत बसलं तर एवढा डेटा न्यायचा कुठून? म्हणून कोडमधल्या फाट्यावर प्रोग्रॅमने उडी घेतली तर ‘ई’, नाही घेतली तर ‘एन’, इतकंच. पुढचा मुक्काम कोड वाचूनही कळणार नाही, अशा ठिकाणीच पत्ता बाहेर येतो. बाकीचा प्रवास डिकोडर मूळ प्रोग्रॅम हाताशी घेऊन उलगडतो. इतक्या थोड्या नोंदीत इतकं मावतं, मला हे फार देखणं वाटतं.

तर आम्ही कोअर क्रमांक दोनचा ट्रेस लावला. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नेलच्या सेटिंग्ज फाइलींसारख्या दिसतात तिथे, सिंकच्या (ट्रेस जिथे साठतो तो बफर) ‘एनेबल सिंक’ फाइलीत १ लिहिला, मग त्या कोअरच्या ट्रेस युनिटच्या ‘एनेबल सोर्स’मध्ये १. बिघाड होऊ दिला, ट्रेस थांबवला, बफर वाचला. रिकामा! एररसुद्धा नाही. कोअर शून्य लावला, भरलेला. एक, भरलेला. दोन आणि तीन रिकामे. आणि चारही एकदम लावले तर चौघांचाही डेटा व्यवस्थित. इथे टीममधली एक मुलगी म्हणाली, “सर, युनिट ठीक आहे, वाट चुकतेय.” अगदी बरोबर बोलली ती.

चारही कोअरचा ट्रेस सिंककडे जाताना एका फनेलमध्ये, म्हणजे प्रवाह एकत्र करणाऱ्या भागात येतो. कोणता कोअर फनेलच्या कुठल्या पोर्टला जोडलाय, हे कर्नेलला आपोआप कळत नाही. ते डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवर काय कुठे जोडलंय हे कर्नेलला सांगणाऱ्या नकाशात, लिहून द्यावं लागतं. बोर्डवाल्यांनी दोन आणि तीनची पोर्टं उलटी लिहिली होती. फनेलचा ड्रायव्हर वाटेवरचं तेवढंच पोर्ट उघडतो. दोनचा डेटा बंद दाराशी, आणि उघडं दार तीनचं. चारही लावले की सगळीच दारं उघडतात, आणि चूक झाकली जाते. बोर्डवाल्यांनी बहुधा तशीच चाचणी घेतली असावी. त्यांना कळवलं, तर उत्तर आलं, डीबगचा भाग ग्राहकांसाठी नाही. याची मला अजून चीड आहे. त्या युनिटने चिपमध्ये जागा घेतली, तिचे पैसे ग्राहकाने मोजले, आणि त्याचा नकाशा मात्र बरोबर द्यायचा नाही?

आम्हीच दोन आकडे बदलले. बफर भरला. डिकोड केल्यावर पानभर ई, ई, ई. सिरियल पोर्टचा ड्रायव्हर इंटरप्ट (कोअरला हातातलं काम थांबवायला लावणारे संकेत) बंद ठेवून एका स्टेटस बिटची वाट बघत फेऱ्या मारत होता, आणि तोवर ड्राइव्हचा आदेश अडकून पडायचा. आमच्या प्रिंटला जो वेळ लागायचा तेवढ्यात तो बिट आपोआप चढायचा. अर्थिंगवाले बिचारे निर्दोष.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. मूळ विषय आता भरभर.

कोअरसाइटची चौकट मुख्य कर्नेलमध्ये आली ३.१९ या आवृत्तीत, २०१५ साली. तिच्यात तीन जाती: सोर्स, लिंक, सिंक. ईटीएम आणि सॉफ्टवेअरने लिहिलेल्या नोंदी ट्रेसमध्ये घालणारा एसटीएम हे सोर्स. फनेल आणि रेप्लिकेटर या लिंक. फनेल अनेक प्रवाह एकत्र करतो, रेप्लिकेटर एकाचे दोन करतो. चिपमधला छोटा बफर ईटीबी आणि थेट मुख्य मेमरीत लिहिणारा ईटीआर, हे सिंक. तुम्ही सोर्स निवडला की चौकट नकाशावरून सिंकपर्यंतची वाट शोधते. मग आधी सिंक चालू, नंतर लिंक, सोर्स सगळ्यात शेवटी. बंद करताना सोर्स पहिला. गंगापूरच्या कालव्याचं आवर्तन सोडायच्या आधी शेतकरी खालची चारी मोकळी करून ठेवतात, तोच क्रम.

फनेलमध्ये मिसळलेला डेटा पुन्हा वेगळा करायला प्रत्येक सोर्सला सात बिटांचा ट्रेस आयडी असतो. पूर्वी तो सूत्राने ठरायचा, १६ अधिक कोअर क्रमांकाची दुप्पट. ११२ पासून पुढचे आकडे राखीव, त्यामुळे सर्व्हरच्या मोठ्या चिपांवर ते सूत्र अपुरं पडलं. २०२३ च्या ६.३ पासून आयडी मागणीनुसार वाटले जातात. सॉफ्टवेअरची अडचण होती, सॉफ्टवेअरने सोडवली. नकाशाचं तसं नाही. चुकीच्या पोर्टावर ड्रायव्हर निमूट विश्वास ठेवतो, पडताळायला त्याच्याकडे दुसरं साधनच नाही. म्हणून माझा आग्रह आहे की ट्रेसचा नकाशा हा बोर्डच्या मालाचा भाग धरावा, यूएसबी किंवा इथरनेटइतकाच, आणि खरेदीच्या अटींत तसं लिहावं.

नव्या आर्म व्ही-नाइन चिपांत टीआरबीई आहे. प्रत्येक कोअर आपला ट्रेस स्वतःच मेमरीत लिहितो, कर्नेलमध्ये ५.१३ पासून. तिथे फनेल मध्ये येतच नाही, तेव्हा माझी तक्रार त्या वाटेपुरती लागू नाही. पण सातपूर-अंबडच्या पॅनेलमध्ये आज जे बोर्ड बसलेत आणि अजून कैक वर्षं चालणार आहेत, ते जुन्याच घडणीचे.

त्यामुळे नवा बोर्ड हातात आला की एकेक कोअर वेगळा लावून बफर वाचा. चारही एकदम लावून ‘चालतंय’ असा शेरा मारू नका. आणि एखादा बफर रिकामा निघाला, तर मशीन शॉपवर जायच्या आधी, बिल अडलेलं असतानाच, पुरवठादाराला लेखी कळवा.