थाळी उजवीकडे ठेवा

श्रोतेहो, नमस्कार. सरकारी वृद्धाश्रमात, बालगृहात किंवा निवारागृहात काम करणाऱ्या आया, परिचारक आणि रात्रपाळीच्या मावश्या यांपैकी पुष्कळ जणी आज सरकारच्या नोकरीत नाहीत. त्या एखाद्या एजन्सीच्या नोकरीत असतात, आणि ती एजन्सी सरकारने निविदा काढून निवडलेली असते. आज मला या निविदेविषयी बोलायचे आहे. विषय रुक्ष वाटेल, परंतु इंदूरमधल्या एखाद्या निराधार आजींना उद्या कोण जेवू घालणार, हे त्या निविदेच्या कागदांवरच ठरत असते.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची कल्पना मांडलेली आहे. इमारत उभी करता येते. तिच्यात रात्री जागणारी माणसे कोठून आणायची, हा खरा प्रश्न आहे. त्याचे सोपे उत्तर म्हणून ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर मनुष्यबळ मागवले जाते. आता यातली मेख पाहा. आयाबाईंची मजुरी कलेक्टर दराने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने जाहीर केलेल्या मजुरीच्या दराने, ठरलेली असते, भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा १२ टक्के वाटा ठरलेला असतो, कर्मचारी राज्य विम्याचा ३.२५ टक्के वाटाही ठरलेला असतो. मग एजन्स्यांची स्पर्धा होते ती कशावर? ती केवळ सेवाशुल्कावर, म्हणजे पगारावर एजन्सी स्वतःसाठी लावते त्या टक्केवारीवर, होते. एके काळी हे शुल्क जवळजवळ शून्य भरून ठेके घेतले जात. तेव्हा २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याला ३.८५ टक्क्यांची खालची मर्यादा घातली. झाले असे, की सगळेच जण ३.८५ भरू लागले, आणि दर सारखे आले की संगणक सोडत काढतो.

बारा हजार रुपये पगार धरला, तर ३.८५ टक्के म्हणजे ४६२ रुपये होतात. एवढ्या पैशांत एजन्सीने माणूस शोधायचा, त्याला शिकवायचे, कोणी रजेवर गेले तर बदली माणूस पाठवायचा आणि कार्यालयाकडून बिल मंजूर होईपर्यंत पगार स्वतःच्या खिशातून द्यायचा. पुन्हा सांगते, ४६२ रुपयांत. ज्या एजन्सीला यात नफा दिसत नाही आणि तरीही जी ठेका सोडत नाही, ती तो नफा कोठून काढते, हे लेखा विभागात आयुष्य घालवलेल्या मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तो आयाबाईंच्या पगारातून निघतो.

आता एक प्रसंग सांगते. संस्थेचे नाव घेणार नाही. मी तिच्या भेट-समितीवर होते, त्यामुळे पुढे घडले त्यातले पुष्कळसे मी स्वतः पाहिले आहे. तेथे इंदूरच्या परदेशीपुरा भागातल्या एक मावशी रात्रपाळीला असत. त्यांचे यजमान हुकुमचंद मिलमध्ये होते. ती मिल बंद पडल्यावर कामगारांना आपल्या देण्यांसाठी तीन दशके थांबावे लागले आणि डिसेंबर २०२३ मध्ये कोठे २२४ कोटी रुपयांचा प्रश्न सुटला, हे इंदूरकरांना ठाऊकच आहे. थकलेली मजुरी म्हणजे काय, ते त्या घराने पुरते भोगले होते. मार्चअखेरीस संस्थेतला जुना ठेका संपला आणि सोडतीत नवी एजन्सी आली. तिच्या सुपरवायझरने सगळ्या आयांना सांगितले, की येथेच राहायचे असेल तर गणवेश आणि नोंदणी यांचे पैसे आधी भरा. काही जणींनी उसने काढून भरले. मावशींनी ठाम नकार दिला आणि एक तारखेपासून त्यांचे नाव हजेरीपटावरून गेले. त्यांच्या जागी देवासहून बसने येणारी एक एकोणीस वर्षांची मुलगी आली. मुलगी मनापासून काम करणारी होती, हे मला आवर्जून सांगायचे आहे. तिला कोणी काहीच शिकवले नव्हते, एवढेच.

त्या वॉर्डात पक्षाघात झालेल्या एक आजी होत्या. दुसऱ्या दिवशी नोंदवहीत लिहिले गेले, “आजींनी अन्न सोडले आहे.” तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य. डॉक्टर आले, त्यांनी रक्तदाब पाहिला, साखर तपासली, आणि असेच चालले तर सलाईन लावू, असे सांगून गेले. थाळी वेळेवर येत होती आणि भरलेलीच परत जात होती. त्या दुपारी मावशी संस्थेत आल्या, त्या आजींसाठी नव्हे, तर आपल्या दोन महिन्यांच्या थकलेल्या पगारासाठी, कारण जुन्या एजन्सीत फोन कोणी उचलत नव्हते. अधीक्षिकाबाईंची वाट पाहत त्या वॉर्डाच्या दाराशी उभ्या राहिल्या. आत खाटेच्या डाव्या बाजूला स्टुलावर थाळी होती आणि आजी उजवीकडच्या भिंतीकडे पाहत पडल्या होत्या. मावशी काही न बोलता आत गेल्या, स्टूल उचलून त्यांनी उजव्या अंगाला ठेवले आणि म्हणाल्या, “आजी, आज गिलक्याची भाजी आहे बघा.” आजींनी मान वळवली आणि हात पुढे केला. अर्धी थाळी संपल्यावर हात थांबला. तेव्हा मावशींनी थाळी तिथल्या तिथे गोल फिरवली, आणि आजींनी उरलेला वरणभातही खाल्ला.

पक्षाघाताने मेंदूची उजवी बाजू निकामी झाली, तर काही रुग्णांच्या लेखी डावीकडचे जग उरतच नाही. डोळे शाबूत असतात, पण डावीकडे ठेवलेली वस्तू त्यांच्या ध्यानी येत नाही; थाळीची डावी बाजूसुद्धा येत नाही. एका डॉक्टरीणबाईंनी हे मावशींना कधीतरी समजावले होते आणि त्यांनी ते लक्षात ठेवले होते. कागदावर ते कोठेही नव्हते, कारण जाणाऱ्या आयाने येणाऱ्या आयाला काही सांगून जावे, असे एकही कलम ठेक्यात नव्हते. एक बाजूची गोष्ट बोलून जाते: हल्ली हजेरीसाठी चेहरा टिपणारे अॅप असते, पण माझ्या मते शंभर पानी वहीत प्रत्येक रहिवाशासाठी एक पान असणे, ही या कामातली पहिली गरज आहे.

पगाराचे पुढे काय झाले, तेही ऐका. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्याने एक गोष्ट स्पष्ट केली होती, की ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ती मूळ मालकाने, म्हणजे काम करवून घेणाऱ्या कार्यालयाने, द्यावी आणि ठेकेदाराकडून वसूल करावी. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली आहे, परंतु ही जबाबदारी तिच्यातही कायम आहे. पुन्हा सांगते, ठेकेदाराने पगार बुडवला, तर कार्यालयाला हात झटकता येत नाहीत. जुन्या एजन्सीचे शेवटचे बिल कार्यालयात पडून होते. अधीक्षिकाबाईंनी ते रोखून धरले, टिपणी मी लिहून दिली, आणि पगार थकलेल्या आठही जणींचे पैसे त्यातून थेट त्यांच्या खात्यात गेले. भविष्य निर्वाह निधीची चलने आणि त्यांसोबतच्या कर्मचाऱ्यांच्या याद्या मागवल्या, तेव्हा त्यांत आठांपैकी पाचच नावे निघाली. म्हणून सांगते, बिल मंजूर करताना चलनाची केवळ रक्कम पाहू नका, सोबतच्या यादीतली नावे वाचा.

इंग्लंडमध्येही सामाजिक सेवांसाठी एजन्सीची माणसे मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. तेथे २०११ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, एका जागी १२ आठवडे काम केल्यावर एजन्सीच्या माणसाला तेथील नेहमीच्या कर्मचाऱ्याइतके मूळ वेतन मिळण्याचा हक्क असतो. आपल्याकडेही वाव आहे. ऑक्टोबर २०२१ च्या केंद्राच्या सूचनांनुसार, अशा सेवांच्या निविदेत दराबरोबर गुणवत्तेलाही ३० टक्क्यांपर्यंत भार देता येतो. एजन्सीने मागच्या ठेक्यात पगार कोणत्या तारखेला दिले आणि किती आया वर्षभर टिकवल्या, यांना गुण द्यावेत, असे मला वाटते. स्वच्छतेत २०१७ पासून देशात अव्वल राहिलेल्या या शहराला एवढी शिस्त अवघड नाही.

मावशी परत आल्या. अधीक्षिकाबाईंनी नव्या एजन्सीला लेखी कळवले, की कामावर ठेवण्यासाठी कोणाकडूनही पैसे घेता येणार नाहीत, आणि घेतलेले पैसे परत करायला लावले. पुढच्या निविदेसाठी त्यांनी एक कलम सुचवले: ठेका बदलताना सात दिवस जुन्या आणि नव्या आयांनी एकत्र काम करावे आणि दोघींनाही पगार मिळावा. वित्त शाखेने विचारले, एकाच कामाचे दुहेरी पैसे का द्यावेत? अधीक्षिकाबाईंनी उत्तरासोबत नोंदवहीतली ती दोन पाने जोडली. सातांऐवजी तीन दिवस मंजूर झाले, आणि ते कलम आता त्या निविदेत आहे.