अडलं कुठे, चुकलं कुठे

[दृश्य : अमळनेर स्टेशन, सकाळ. प्लॅटफॉर्मवरून निघणारी पॅसेंजर.]

अमळनेर. बोरी नदीकाठचं गाव, सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचं स्टेशन. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची एक कंपनी उभी राहिली : वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पुढे नाव आखडत आखडत विप्रो झालं, आणि तूप-साबण करणारी कंपनी सॉफ्टवेअरमध्ये गेली. आमचा कॅमेरा तिकडे जात नाही. तो स्टेशनवरून बाजारात येतो, एका झेरॉक्सच्या दुकानाशेजारच्या अरुंद जिन्याने वर चढतो आणि दारातल्या चपलांच्या ढिगापाशी थांबतो.

[दृश्य : आतली खोली. अकरा कॉम्प्युटर, एक पंखा.]

आत प्रोग्रामिंगचा क्लास चालू आहे. पहिला आवाज ऐकू येतो तो हा : "मॅडम, एरर आला."

तासाभरात हे वाक्य आम्ही इतक्या वेळा रेकॉर्ड केलं की नंतर मोजणं सोडलं. आणि प्रत्येक वेळी पुढचं दृश्य तेच. मुलाचा हात माऊसकडे जातो, स्क्रीनवरची खिडकी बंद होते, मग तो मागे वळून मॅडमकडे बघतो. स्क्रीनवर लाल अक्षरांत चार ओळी आल्या होत्या. त्या कुणी वाचल्या नाहीत.

मॅडमचा नियम एकच आहे. हात मांडीवर ठेवायचे आणि मोठ्याने वाचायचं, तेही खालून.

[दृश्य : स्क्रीन जवळून. मुलाचं बोट शेवटच्या ओळीवर.]

हा बारावीतला मुलगा. वडील कापूस पिकवतात. त्याने पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत काट्याच्या हिशोबाचा प्रोग्राम लिहिलाय : वजन गुणिले भाव, वजा हमाली. वजनाचं स्पेलिंग टाइप करताना व्ही नंतरचा ए राहिला. शेवटची ओळ म्हणते : नेम-एरर. अमुक नावाची व्याख्या झालेली नाही. आणि त्याच ओळीत पुढे : तुम्हाला 'वजन' म्हणायचं होतं का?

मॅडम विचारतात, "आता घरच्या बोलीत सांग."

मुलगा आधी लाजतो. मग अहिराणीत येतं : "हाई नाव माले माहीत नही."

वर्ग हसतो. मॅडम हसत नाहीत, त्या ते फळ्यावर लिहितात. तुम्ही फळा बघा. 'नेम-एरर' या शब्दासमोर तो मुलगा गेला महिनाभर अडखळत होता, आणि घरच्या बोलीतल्या चार-पाच शब्दांत मोकळा झाला.

ती 'म्हणायचं होतं का' ही सूचना पायथनमध्ये पहिल्यापासून नव्हती. गुईडो व्हॅन रॉसम यांची ही भाषा १९९१ सालची; सूचना आली ३.१० या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२१ मध्ये. म्हणजे पूर्ण तीस वर्षं ती नुसतं 'माहीत नाही' म्हणून गप्प बसत होती. तरी ती बरी. युनिक्स या जुन्या कॉम्प्युटर-प्रणालीच्या सुरुवातीच्या दिवसांतला 'एड' नावाचा, मजकूर लिहायचा एडिटर कुठलीही चूक झाली की फक्त एक प्रश्नचिन्ह छापायचा. चुलीसमोरून आजीने न वळता "अं?" म्हणावं, तसं.

[दृश्य : प्रोग्राम चालू. कर्सर लुकलुकतोय. मुलगा १२.५ टाइप करतो.]

नाव दुरुस्त झालं, प्रोग्रामने वजन विचारलं. त्याने साडेबारा क्विंटल टाकले. पुन्हा लाल. या वेळी ओळी जास्त आहेत, आणि सगळ्यात वर लिहिलंय 'ट्रेसबॅक', त्यापुढे, सगळ्यात ताजं शेवटी.

इथे थोडं थांबू, कारण याच जागी पोरं घाबरतात. ट्रेसबॅक म्हणजे गावातली खबर कुठून आली याचा माग. पारावर कोण बोललं, त्याला कोणी सांगितलं, त्याला कोणी. इथे सगळ्यात वर प्रोग्रामची ती ओळ, जिने 'बिल' हे काम बोलावलं. तिच्याखाली 'बिल'मधली ओळ, जिने 'वजन घ्या' हे काम बोलावलं. त्याच्याखाली 'वजन घ्या'मधली ओळ, जिथे प्रत्यक्षात गाडं अडलं. आणि तळाला कारण : व्हॅल्यू-एरर. १२.५ हा मजकूर दशमान पद्धतीतली पूर्ण संख्या म्हणून वाचता येत नाही.

मुलाने मजकुराची पूर्ण संख्या करणारं 'इंट' वापरलं होतं, त्याला अपूर्णांक चालत नाही. 'फ्लोट' हवं होतं. साडेबारा गुणिले सात हजार, सत्त्याऐंशी हजार पाचशे. त्यातून हमाली वजा होऊन आकडा आला. त्याचा चेहरा बघा, आम्ही बोलत नाही.

[दृश्य : चार सेकंद शांतता.]

आता हे दुसरं टेबल. इथली मुलगी बसने येते आणि हट्टाने सगळी नावं मराठीत लिहिते. पायथनला ते चालतं. 'भाव', 'हमाली', 'किंमत', काना-मात्रा-वेलांटीसकट. पण तिने भावासमोर आकडाही देवनागरीत टाकला, आणि निरोप आला : अवैध अक्षर '१', यू प्लस ०९६७. शेवटचा तो युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिपींतल्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीतला, देवनागरी एकचा नंबर आहे, सात-बाऱ्यावरच्या गट नंबरासारखा. गंमत अशी की प्रोग्राम चालताना तिने तेच देवनागरी आकडे टाइप केले, तर 'इंट' ते निमूट वाचतो. कोडमध्ये चालत नाहीत, उत्तरात चालतात. का? कोड वाचणारा भाग वेगळा, मजकुराची संख्या करणारा वेगळा.

आणि हे तर आम्ही मुद्दाम मोठं करून दाखवतोय.

[दृश्य : पडद्यावर दोन शब्द, एकाखाली एक. दोन्ही 'शेतकऱ्याचे'.]

दोन्ही शब्द सारखेच दिसतात ना? वरचा चालला. खालच्याला पायथन म्हणतो, न दिसणारं अक्षर आहे, यू प्लस २००डी. मराठीतला हा 'ऱ्या' दोन तऱ्हेने टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला फरक नाही. त्या मुलीने तो शब्द तीनदा पुसून तीनदा लिहिला, आणि कीबोर्ड तोच असल्यामुळे तिन्ही वेळा तोच निरोप आला. 'न दिसणारं' हा शब्द तिने चौथ्यांदा वाचला, तेव्हा उजेड पडला.

[दृश्य : फळा. मॅडम कंस काढतात, बंद करत नाहीत.]

मॅडमचा आवडता एरर हा. कंस उघडला, बंद करायचा राहिला. जुन्या पायथनमध्ये लिहून यायचं 'इनव्हॅलिड सिंटॅक्स', म्हणजे वाक्यरचना चुकली, आणि बाण दाखवायचा पुढच्या ओळीकडे, जी निर्दोष असायची. पोरं त्या निर्दोष ओळीला धोपटत बसायची. यात यंत्र खोटं बोलत नव्हतं. कंस उघडा असेपर्यंत त्याला वाटतं वाक्य चालूच आहे, म्हणून ते पुढच्या ओळीत शिरतं आणि तिथे ठेचकाळतं. ते ठेच लागली ती जागा सांगतं. दगड मागे राहिलेला.

सी या भाषेत प्रोग्राम लिहायचं जुनं साधन, टर्बो सी, त्याचंही तसंच. ती निळी स्क्रीन आजही महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये दिसते. सहाव्या ओळीचा अर्धविराम विसरा, 'स्टेटमेंट मिसिंग' म्हणून बोट सातवीवर.

पायथनने हे सुधारलं. २०२० मध्ये ३.९ या आवृत्तीत वाक्य फोडून वाचणारा भाग, पार्सर, नव्याने लिहिला गेला. आधीचा एका वेळी एकच शब्द पुढे बघायचा. नव्याला मागे येऊन पुन्हा वाचता येतं. त्या पायावर ३.१० मध्ये निरोप आला : हा कंस बंदच झाला नाही. बाण थेट उघड्या कंसावर. पुढच्या वर्षी ३.११ मध्ये ओळीतला नेमका तुकडाही अधोरेखित व्हायला लागला. इतकं सगळं वाचणाऱ्यासाठी केलेलं, आणि आम्ही पाहिलेल्या एकाही प्रश्नपत्रिकेत 'हा एरर वाचून दाखवा' असा प्रश्न नव्हता. असो.

[दृश्य : जिनिंगचं आवार. कापसाचे ढीग, ट्रॅक्टरांची रांग. कॅमेरा उंचावरून.]

हा ढीग आम्ही फक्त देखणा आहे म्हणून दाखवत नाही. यंत्राचे निरोप एका जातीचे नसतात, एरर वेगळा आणि वॉर्निंग वेगळी; तो फरक इथे दिसतो. खरेदीला आलेल्या कापसात हात घालून, यंत्र टेकवून ओल मोजतात. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत बारा टक्क्यांवर ओल गेली की माल परत. तो एरर. आठ ते बाराच्या मध्ये असेल तर घेतात, पण ओलीच्या हिशोबाने भाव कापतात. ती वॉर्निंग. गाडी आत जाते, काटा होतो, पावती मिळते, आणि पावतीवरचा आकडा नीट वाचला नाही तर घरी आल्यावर कळतं. तिसरीही एक जात असते, डेप्रिकेशन वॉर्निंग : या खेपेला घेतो भाऊ, पुढच्या हंगामापासून या पोत्यात आणू नको.

[दृश्य : पुन्हा निळी स्क्रीन. कंपाइलची चौकट : एरर शून्य, वॉर्निंग एक.]

हा कॉलेजचा मुलगा. त्याला तपासायचं होतं, भाव शून्य आहे का. दोन बरोबरची चिन्हं हवी होती, त्याने एक टाकलं. टर्बो सी म्हणाला : 'पॉसिबली इनकरेक्ट असाइनमेंट', इथे तपासायच्या ऐवजी बहुधा चुकून किंमत भरताय. प्रोग्राम मात्र चालू दिला. भाव तिथेच शून्य झाला, आणि बिल आलं शून्य रुपये.

शून्य आला म्हणून सापडलं. दोन टक्के कमी आलं असतं, तर कुणाला कळलं नसतं.

[दृश्य : संध्याकाळ. जिन्यावरून उतरणारी मुलं. फळ्यावर अहिराणीतली ओळ तशीच.]

साडेपाचला वर्ग सुटतो. सात-आठ जण एसटी स्टँडकडे पळतात, बाकीचे सायकलींवर. बसने येणारी ती मुलगी अजून खुर्चीत आहे. तिच्या स्क्रीनवर नवा एरर आलाय, इंडेंटेशनचा, म्हणजे ओळ किती आत सरकवायची त्याचा, नवव्या ओळीवर. तिचे हात मांडीवर आहेत. ती आठवी ओळ वाचतेय. खालून मैत्रीण हाक मारते, "ये ना व, गाडी लागनी!"

"एक मिनिट," ती म्हणते, आणि पुन्हा वाचायला लागते.