निशाणी पाचचा अर्ज आणि बांधावरचा जेसीबी

नमस्कार मंडळी. पावसाळा तोंडावर आला की बांधाची भांडणं सुरू होतात, शेजारचा जेसीबी घेऊन येतो आणि मग आपली पळापळ, वकीलसाहेब उद्याच्या उद्या स्टे आणा! आणता येतो, पण मागायला काय घेऊन जाता त्यावर सगळं आहे.

दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याला थांबवा असा अर्ज देतात, यालाच आपण स्टे म्हणतो, आपल्या कोर्टांत सगळे त्याला निशाणी पाच म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर 39. जमीन शेवटी कुणाची हे कोर्ट तेव्हा ठरवतच नाही, त्याला साक्षीपुरावे लागतात, वर्षं जातात. तेव्हा बघतात तीनच गोष्टी, वरवर पाहता तुमच्या केसमध्ये दम आहे का, स्टे दिला किंवा नाही दिला तर जास्त अडचण कुणाची, आणि पैशानं भरून न येणारं नुकसान होणार का. त्यात खरी मेख कब्जाची असते. लोक सातबाऱ्यावरचं नाव दाखवत बसतात, अहो सातबारा हा महसुली कागद, त्यानं मालकी मिळत नाही. त्याच कागदावर खाली बारा नंबरात पीकपाणी असतं ना, ते दाखवा! ई-पीक पाहणीची नोंद, सोसायटीचं पीककर्ज, मोटारीचं वीजबिल, मोजणीचा नकाशा, शेत कोण कसतंय हे यातनं दिसतं. आणि समोरचा तुमच्या मालकीवरच बोट ठेवत असेल तर नुसत्या मनाईच्या दाव्यावर अडून बसू नका, मालकी ठरवून मागायचा दावा करावा लागतो. भावकीतली सामाईक जमीन असेल तर वाटपाचा दावा लावा आणि तोवर विक्री होऊ नये एवढी मनाई मागा, कारण सहहिस्सेदाराला शेतात येऊ नको म्हणणं कोर्टाला सहसा पटत नाही.

आता जेसीबी उद्याच येणार असेल तर समोरच्याला न ऐकताही हुकूम मिळू शकतो, पण मग अर्ज, दावा, कागदपत्रं त्याला लगेच रजिस्टर पोस्टानं पाठवायची आणि पाठवल्याचं शपथपत्र त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी द्यायचं. हे राहून जातं आणि मग तारखेला समोरचा वकील नेमकं तेच धरून बसतो. जुना दावा, जुनी तडजोड असलं काही लपवूही नका, कळलं की गेला स्टे.

अजून एक, 'जैसे थे' हुकूम झाला म्हणून पेढे वाटू नका. कब्जा कुणाचा हे त्यात लिहिलेलं नसलं तर दोघंही म्हणतात माझाच, आणि दुसऱ्या दिवशी दोघंही त्याच तुकड्यात नांगर घालतात, पोलीस म्हणतात कोर्टात जा. म्हणून वकिलांना आधीच सांगून ठेवा, कब्जाचा उल्लेख करून घ्या म्हणावं. स्पष्ट हुकूम असूनही मोडला तर त्याच ऑर्डर 39 चा नियम 2-अ आहे, मालमत्ता जप्त होऊ शकते, 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही.

आणि समोरचाच आपल्यावर स्टे आणेल अशी कुणकुण लागली असेल तर आधीच कॅव्हेट, म्हणजे मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज, कोर्टात टाकून ठेवा. ते 90 दिवस चालतं, नंतर परत टाकावं लागतं.