सिस्टर, आधी नाव तपासा

(दृश्य: फरशीवर पसरलेले कागद. कॅमेरा एकेका कागदावर थांबत जातो.)

दहावीचं बोर्ड सर्टिफिकेट. बारावीची मार्कशीट. टीसी. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. आधार, पॅन, पासपोर्ट. सगळे कागद एकाच बाईचे, पण नाव मात्र प्रत्येकावर वेगळं. बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं. कौन्सिलकडे तिचं नाव आधी. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पासपोर्टवर तर मधलं नावच नाही.

परदेशात नर्स म्हणून नोकरी करायची म्हटली की घरात पहिला प्रश्न येतो तो व्हिसाचा. "किती दिवसांत मिळतो?" "किती पैसे लागतात?" आठवडी बाजारात भेटलेला पाहुणासुद्धा हेच विचारतो. खरं तर व्हिसा हा या वाटेवरचा शेवटचा टप्पा आहे. त्याआधीचं सगळं नीट जुळलेलं असेल तर तो फारसा अडत नाही. आणि अडतो तेव्हा बहुतेक वेळा कारण या फरशीवरच असतं.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आज नर्सिंगची कॉलेजं आहेत. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडचं विष्णुपुरीतलं शासकीय रुग्णालय, लातूरचं शासकीय रुग्णालय. या वॉर्डांमधून काम शिकून बाहेर पडलेल्या मुली आणि मुलंही, ज्यांना आपण ब्रदर म्हणतो, हाताच्या कामात कुठेच कमी नाहीत. अपघाताची गाडी दारात लागली की काय करायचं हे त्यांना सांगावं लागत नाही. पण कायम नोकरीची जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसतो. कंत्राटी जागा अकरा महिन्यांची. खाजगी दवाखान्यात बारा-बारा तासांची ड्युटी, आणि हातात पडणाऱ्या पगारात खोलीभाडं आणि घरी पाठवायचे पैसे, दोन्ही बसत नाहीत. त्यांनी बाहेरचा विचार केला तर त्यांना दोष देता येणार नाही. आपल्याच उपजिल्हा रुग्णालयात रात्री एका सिस्टरकडे किती खाटा असतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी तर नाहीच.

तर, नावाचं बघू.

बाहेरच्या देशाच्या अधिकाऱ्याला आपली पद्धत माहीत नसते. लग्न झाल्यावर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, हे त्याच्या डोक्यात येणार नाही. त्याच्या दृष्टीनं मार्कशीटवरची बाई वेगळी आणि पासपोर्टवरची वेगळी. यावर सगळ्यात सोपा उपाय बऱ्याच जणींना ठाऊक नसतो: लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे, असा आपल्याकडे नियम नाही. ज्या नावानं मार्कशीट आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे, त्याच नावानं पासपोर्ट काढता येतो, तो वैध असतो आणि त्यानं संसाराला काही होत नाही. सासरी हे एकदा शांतपणे सांगावं लागतं, एवढंच. आधीच नाव बदललं असेल तर शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्यावी. अर्ज ऑनलाइन होतो. मग जुनं नाव आणि नवं नाव एकाच बाईचं, याला सरकारी पुरावा मिळतो. पासपोर्टसाठी आता पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली आणि मराठवाड्यालाही ती मिळाली.

दुसरा कागद ट्रान्सक्रिप्ट. मार्कशीट दाखवते गुण. ट्रान्सक्रिप्ट दाखवतं की मेडिकल वॉर्डात किती तास, सर्जिकलला किती, मानसोपचारात किती, बालरोगात किती, थिअरी किती. परदेशातली संस्था आपलं शिक्षण तासांवर मोजते. बीएस्सी नर्सिंगवाल्यांना यासाठी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जीएनएमवाल्यांना राज्याचं परीक्षा मंडळ आणि आपलं कॉलेज. कॉलेज बंद पडलं असेल किंवा जुनी रजिस्टरं सापडत नसतील, तर इथंच कित्येक महिने जातात. म्हणून शिकत असतानाच अभ्यासक्रमाची आणि ड्युटीच्या तासांची सही-शिक्क्याची प्रत घेऊन ठेवावी. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी नूतनीकरण करायचं असतं, तेही चालू हवं. ते संपलेलं असेल तर गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे या नर्सविरुद्ध तक्रार नाही आणि ती काम करायला पात्र आहे असा दाखला, मिळणार कसा?

(दृश्य: रात्रीची ड्युटी. नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर मोबाइल, एका कानात इअरफोन. मध्येच बेल वाजते, ती उठते.)

आता भाषा. आखाती देशांत इंग्रजीवर काम भागतं. जर्मनीत भागत नाही. व्हिसासाठी बहुतेक ठिकाणी जर्मनची बी-वन, म्हणजे मधली पातळी मागतात आणि नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला त्याच्या वरची बी-टू. जर्मन शिकवणारी आणि तिची परीक्षा घेणारी संस्था म्हणजे मॅक्स म्युलर भवन, ते मराठवाड्यात नाही. परीक्षेला पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास, सकाळी सीएसएमटीच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन थेट परीक्षा, असं करणाऱ्या मुली आहेत. त्यांना माहीत असावी अशी एक गोष्ट: वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं हे चार भाग वेगवेगळे धरले जातात. प्रत्येकात शंभरपैकी ६० हवेत. एकात अडलं तर तेवढाच भाग पुन्हा देता येतो.

मराठी माध्यमातून शिकल्यामुळे मागे पडू, ही भीती मनातून काढून टाका. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत. तो, ती, ते आपण जन्मापासून वापरतो. बऱ्याच वाक्यांत क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्याला नवीन नाही. घाबरवतो तो बोलण्याचा सराव, कारण नाईट करून आलेल्या मुलीशी जर्मन बोलणार कोण? दोघी-तिघींनी मिळून रोज अर्धा तास फोनवर फक्त जर्मनच बोलायचं ठरवलं, तर फरक पडतो.

जर्मनीची वाट थोडक्यात अशी. तिथल्या प्रत्येक राज्याचं परदेशी शिक्षण तपासणारं खातं वेगळं असतं. ते तुमचे कागद पाहून लेखी कळवतं की काय पुरेसं आहे आणि काय कमी पडतंय. आपल्या जीएनएम-बीएस्सीवाल्यांना पूर्ण मान्यता थेट मिळणं विरळ. मग तिथं जाऊन एक तर परीक्षा द्यायची, नाही तर ठरावीक काळ दवाखान्यात पूरक प्रशिक्षण घ्यायचं. या काळासाठीच खास व्हिसा असतो. मार्च २०२४ पासून तो २४ महिन्यांपर्यंत मिळतो आणि आणखी १२ महिने वाढू शकतो. मान्यता मिळेपर्यंत काम आणि पगार सहाय्यक परिचारिकेचा. हे जाण्याआधी माहीत असेल तर पहिल्या पगाराच्या दिवशी रडू येत नाही.

दवाखाना घाईत असेल तर तो स्वतः तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जलद प्रक्रियेचा अर्ज करतो. त्याची फी ४११ युरो. व्हिसाची स्वतःची फी ७५ युरो. हे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण पुढं पैशाचा विषय आहे.

त्याआधी कामाबद्दल एक. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे नातेवाईक करतात, नाही तर मावशी. तिथं ते नर्सचं काम आहे, आणि ते हलकं मानलं जात नाही. उलट शिरेतून इंजेक्शन देणं हे तिथं डॉक्टरचं काम, त्यानं सोपवलं तरच नर्स देते. इथं रात्रभर सलाईन लावणाऱ्या, शिरा शोधण्यात पटाईत असलेल्या सिस्टरला पहिले काही महिने वाटतं की आपलं कौशल्य वाया चाललंय. ते तसं नाही. पण तसं वाटणार, हे कुणीतरी आधी सांगायला हवं, आणि एजंट ते सांगत नाही.

(दृश्य: शहरातल्या एका चौकातले फ्लेक्स. संस्थांची नावं आणि फोन नंबर दिसणार नाहीत असे कापून.)

एजंट. फ्लेक्सवर लिहिलेलं असतं: शंभर टक्के नोकरी, शंभर टक्के व्हिसा. आत गेल्यावर पॅकेज सांगतात. क्लास, कागद, व्हिसा, तिकीट, सगळं धरून एक आकडा. तो ऐकून बाप शेताकडे बघतो आणि आई गळ्यातल्याकडे. कुणी सोसायटीचं कर्ज काढतो, कुणी सावकाराकडे जातो, कुणी एकर गहाण टाकतो. ज्या बापानं लेकीला शिकवलं, त्यालाच ती कमावती व्हायच्या आधी कर्जात ढकलायचं, हे मला पटत नाही. आणि कायद्यालाही ते मान्य नाही.

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटकडे केंद्र सरकारची नोंदणी हवी. सेवाशुल्क म्हणून तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो, त्याहून जास्त नाही. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. भाषेच्या क्लासची फी वेगळी असते, म्हणूनच 'पॅकेज' या शब्दाच्या आड काय काय घातलंय ते एकेक करून विचारा आणि प्रत्येकाची पावती मागा. पावतीला टाळाटाळ झाली की तिथून उठा. अडचण आलीच तर सरकारच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर आहे, १८०० ११ ३०९०.

जर्मनीला नर्सची गरज इतकी आहे की बरेच दवाखाने सगळा खर्च स्वतः करतात. तिथल्या आरोग्य मंत्रालयाचं प्रामाणिक भरतीसाठी एक प्रमाणचिन्ह आहे, त्याची अटच ही की खर्च मालकानं करायचा. जर्मन सरकारच्या यंत्रणा चालवतात त्या ट्रिपल विन योजनेतही निवड झालेल्या नर्सकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. केरळ सरकारच्या, परदेशी गेलेल्यांसाठी काम करणाऱ्या नोर्का संस्थेनं २०२१ मध्ये त्यासाठी करार केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य शासनानंही जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी १० हजार कुशल मनुष्यबळाचा सामंजस्य करार केला आणि त्यात नर्स आहेत. पण करार झाला म्हणजे कुणाच्या खिशात कोटा आला, असं नाही. "शासनाच्या कोट्यातून बसवतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणखी एक फसवणूक हल्ली वाढली आहे. शिकलेल्या, अनुभवी नर्सला आउसबिल्डुंगला पाठवतात. म्हणजे बारावी पास मुलांसारखं पुन्हा तीन वर्षं शिकाऊ म्हणून. जिच्या हातात जीएनएम आहे, तिनं मान्यतेची वाट धरावी. तीन वर्षं पुन्हा घालवायचं कारण नाही.

करारही वाचा. त्यात एक कलम बघा: ठरलेल्या काळाआधी नोकरी सोडली तर किती पैसे परत द्यायचे. बीड-धारूरकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही, ऊसतोडीची उचल अशीच अंगावर बसते. रक्कम किती, कशाकशाची, महिन्याला किती कमी होत जाणार, हे लिहिलेलं नसेल तर सही करू नका. आणि सही करायचा कागद तुम्हाला वाचता येईल अशा भाषेतही असला पाहिजे.

आखातात जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. २०१५ पासून सौदी, कुवेत, कतार, यूएई, ओमान अशा १८ देशांत नर्स म्हणून जायला ई-मायग्रेटमधून सरकारी परवानगी लागते, पासपोर्ट कोणत्याही प्रकारचा असो. डेटाफ्लोची कागद पडताळणी आणि प्रोमेट्रिकची परीक्षा वेगळी. दुसरी गोष्ट, व्हिजिट व्हिसावर जा आणि तिथं बदलून घेऊ, असं कुणी म्हणालं तर जाऊ नका. परक्या देशात परवान्याशिवाय काम करताना सापडलं की एजंटचा फोन बंद असतो.

इंग्लंडचं तर अगदी थोडक्यात: तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात साडेसहा लागतात. केअर वर्कर म्हणून परदेशातून नवी भरती जुलै २०२५ मध्ये बंद झाली. अजूनही तो व्हिसा विकणारे आहेत. नोंदणीकृत नर्सचा मार्ग वेगळा आणि चालू आहे.

(दृश्य: ग्रामपंचायतीचं कार्यालय. टेबलावर नोंदवही.)

जर्मनीचा व्हिसा हातात आला की तिथंच उभं राहून वाचा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, कधीपासून कधीपर्यंत. चूक असेल तर लगेच सांगा, तिकीट काढल्यावर नाही. तो चिकटवलेला व्हिसा थोड्या काळाचा असतो. तिथं पोचल्यावर पत्त्याची नोंद करून राहण्याचा परवाना काढावा लागतो.

नवरा आणि लेकरं मागाहून येऊ शकतात. पुरेसं घर आणि पगार दाखवावा लागतो, आणि लागतं लग्नाचं प्रमाणपत्र. पत्रिका आणि फोटोंचा अल्बम चालत नाही. आपल्याकडे कित्येक लग्नांची नोंदच झालेली नाही. गावात विवाह निबंधक म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. दोघांनी साक्षीदार घेऊन जायचं, अर्ज करायचा. त्याच दिवशी लेकराच्या जन्मदाखल्यावर त्याचं नाव चढलंय का तेही बघून घ्यायचं. नुसतं 'मुलगी' किंवा 'मुलगा' लिहिलेले दाखले अजून घरोघरी निघतात.