गायरानातलं गोल्फ

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान पाहिलेल्यांना आजचा विषय लवकर उमगेल. स्कॉटलंडच्या पश्चिमेला साउथ उइस्ट नावाचं बेट आहे. तिथल्या अ‍ॅस्कर्निश गावाच्या गायरानात 1891 साली जमीनदारीणबाई लेडी गॉर्डन कॅथकार्ट यांच्यासाठी टॉम मॉरिसने 18 होलांचं, म्हणजे चेंडू घालायच्या 18 खळग्यांचं, गोल्फचं मैदान आखलं. ब्रिटिश ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा चार वेळा जिंकलेला हा माणूस तेव्हा सत्तरीचा होता. पुढे मैदान आक्रसत गेलं, काही भागावर विमानांची धावपट्टी झाली, आणि वाळूच्या टेकड्यांमधला मूळ भाग पुन्हा मेंढरांकडे गेला.

तिथल्या किनारी कुरणाला 'माखर' म्हणतात. (आपलं गौरीचं मखर वेगळं!) शंखशिंपल्यांचा चुरा झालेली ही वाळू. पाणी लगेच झिरपतं, म्हणून तिथे फेस्क्यूसारखं बारीक, चिवट गवत टिकतं. आपल्या काळ्या मातीचं उलट. पावसाळ्यात ती फुगून चिकटते, आणि मे महिन्यात इतकी भेगाळते की 42.67 मिलिमीटरचा चेंडू आत गडप व्हावा. कोरड्या मुलखातल्या जुन्या मैदानांवर तर पाण्याअभावी होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीऐवजी, म्हणजे 'ग्रीन'ऐवजी, तेल मुरवलेल्या वाळूचे 'ब्राउन' असत. वाळू उडू नये म्हणून तेल, आणि चेंडूची वाट सरळ राहावी म्हणून वरून फळी ओढायची.

2005 साली गॉर्डन अर्विन हा गवताचा जाणकार अ‍ॅस्कर्निशला आला. मॉरिसचा नकाशा हाती नव्हता. मग शोधायचं कसं? 1891 मध्ये माती हलवायला यंत्रं नव्हती, तेव्हा ग्रीन तिथेच होणार जिथे जमीन मुळात सपाट किंवा बशीसारखी आहे. एक ग्रीन सापडलं की पुढची टी, म्हणजे पुढच्या होलासाठी पहिला फटका मारायची जागा, जवळपासच शोधायची, कारण जुन्या पद्धतीत फार चालणं नसे. अर्थात, सापडलेलं प्रत्येक ग्रीन मॉरिसचंच असेल असं छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि यावर शंका घेणारेही आहेत. मला त्या शंका रास्त वाटतात.

बुलडोझर लावला नाही, मुख्य काम कापणीचंच. असं रानगवत टप्प्याटप्प्यानेच खाली आणावं लागतं. एकदम खालून छाटलं तर मुळं उघडी पडतात, वारा वाळू उचलतो, आणि टेकडीला भगदाड पडतं. सशांची बिळंही हेच करतात. शेवटी 108 मिलिमीटर व्यासाचं होल पाडायचं, किमान 4 इंच खोल.

खरी अडचण गवताची नव्हती. तिथल्या छोट्या कुळांना, क्रॉफ्टरांना, या कुरणावर चराईचा हक्क आहे, आणि काहींनी मैदानाला कडाडून विरोध केला. गायरानावरून आपल्याकडे गावं कशी पेटतात, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. 2006 साली बेटावरच्या लोकांच्या संस्थेने जमीनदारी विकत घेतली, आणि 2008 मध्ये 18 होल पुन्हा खुले झाले. हिवाळ्यात तिथे आजही जनावरं चरतात. आपल्या रानात धनगर मेंढरं बसवतात तसंच खत फुकट, फक्त पट, म्हणजे ग्रीनवरून होलाकडे चेंडू हळूच ढकलायचा फटका, मारण्याआधी लेंड्या झाडाव्या लागतात.