मधलं पान उघडून पाहा

मंडळी, घरी शिकणाऱ्या मुलांसाठी साधनं कशी निवडायची, हा आजचा विषय. गणित, वाचन, विज्ञान आणि ॲप या चारही बाबतींत बोलायचं ठरलंय, पण सुरुवात वर्कबुकांपासूनच करायला हवी. अर्धी भरून सोडून दिलेली वर्कबुकं किती जणांच्या घरात आहेत? करा हात वर. बरेच आहेत!

वजाबाकीचं पान घ्या. वर ठळक मथळा, खाली एक सोडवून दाखवलेलं उदाहरण आणि मग त्याच साच्यातली वीस गणितं. पहिली दोन-तीन मूल विचार करून सोडवतं, पुढची सवयीने सुटतात. शाब्दिक उदाहरणं असली तरी ती वाचायची गरज पडत नाही. दोन संख्या शोधायच्या आणि मोठीतून लहान वजा करायची. सगळी उत्तरं बरोबर येतात. महिन्याभराने तसलंच उदाहरण मथळ्याशिवाय द्या, लगेच प्रश्न येतो, ‘बेरीज करू की वजाबाकी?’ कोणती क्रिया करायची हे ठरवणं हाच तर त्या गणिताचा गाभा, आणि ते काम इतके दिवस मथळा करत होता. भाषेच्या वर्कबुकात हेच काम वरची शब्दांची चौकट करते. पाच शब्द, पाच रिकाम्या जागा. पाचवी जागा वाक्य न वाचताच भरते. याची मनापासून चीड येते, कारण पुस्तकाच्या रचनेतला दोष शेवटी ‘लक्ष देत नाही’ म्हणून मुलाच्या माथी मारला जातो.

घरात अशी वर्कबुकं असतील तर टाकू नका. गणितं कापून वेगळी करा आणि रोज सहाच द्या: तीन आजच्या धड्यातली, दोन गेल्या आठवड्यातली, एक महिन्यापूर्वीचं. मथळा कुठेच नको. नवीन पुस्तक निवडताना उत्तरार्धात आधीचे घटक पुन्हा येतात का, ते बघा. येत नसतील तर उजळणीची सगळी मांडणी तुम्हालाच करावी लागेल.

आता मधल्या पानाकडे. पहिल्या प्रकरणावर सगळ्यांनीच मेहनत घेतलेली असते आणि नमुना म्हणून बहुधा तेच दाखवतात. तुम्ही भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज शोधा. तिथे फक्त ‘छेद समान करून घ्या’ एवढंच लिहिलंय, की छेद समान का करायचे तेही दिसतंय? जॉर्ज क्विझनेर या बेल्जियन शिक्षकाच्या रंगीत पट्ट्या इथे फार उपयोगी पडतात. एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या दहा पट्ट्या, प्रत्येक लांबीचा रंग ठरलेला. सहाची गडद हिरवी पट्टी ‘एक पूर्ण’ धरा. तिचा अर्धा भाग म्हणजे तीनची फिकट हिरवी, तिसरा भाग म्हणजे दोनची लाल. दोन्ही टोकाला टोक लावून ठेवल्या की पाचची पिवळी भरते. सहापैकी पाच, म्हणजे 5/6. लाकडी ठोकळे कापून, रंगवून घरीही करता येतात. फक्त मापं काटेकोर हवीत, नाहीतर टोकं जुळत नाहीत आणि मुलाचा विश्वास उडतो. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर एक सेंटिमीटरचे पांढरे ठोकळे त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात.

पाचच मिनिटं उरल्याची खूण झाली आहे, तेव्हा उरलेलं भराभर.

वाचनासाठी शंभर शब्दांचा उतारा मोठ्याने वाचून घ्या. पाचपर्यंत चुका असतील तर पुस्तक मुलाच्या हातात द्या. सहा ते दहा असतील तर शेजारी बसा. त्याहून जास्त असतील तर ते तुम्ही वाचून दाखवायचं पुस्तक. अगदी सुरुवातीच्या पुस्तकात कमळ, नमन असे बिनकान्यामात्रांचे शब्द हवेत. सूर्य, चक्र, ट्रक आणि वऱ्हाड यांतले ‘र’चे चारही अवतार एकाच पानावर आले असतील, तर लिहिणाऱ्याने क्रमाचा विचार केलेला नाही.

ॲपमध्ये मुद्दाम चुकीचं उत्तर द्या. नुसतंच ‘पुन्हा प्रयत्न करा’ आलं, तर मूल अंदाजाने बटणं दाबत बरोबर उत्तरापर्यंत पोहोचेल. कुठे चुकलं ते दाखवत असेल तरच ठेवा.

विज्ञानाच्या संचात प्रयोगाआधी ‘काय होईल असं वाटतं?’ हा प्रश्न हवा, आणि संपलेलं सामान वेगळं मिळायला हवं. नाहीतर दोरा, वजन आणि घड्याळ पुरे. टांगल्या बिंदूपासून वजनाच्या मध्यापर्यंत 25 सेंटिमीटर ठेवा. लहान झोक्याची एक ये-जा साधारण एका सेकंदात होते. लांबी एक मीटर केली की दोन सेकंद. वजन बदलून काय होतं, ते मुलालाच शोधू द्या. दहा झोक्यांचा वेळ मोजून दहाने भागायचा, एकाच झोक्याचा मोजला तर घड्याळ दाबण्यातला उशीर उत्तरात शिरतो.

प्रत्येक विषयाला एक मुख्य पुस्तक आणि एक पूरक साधन पुरतं. शालेय पाठ्यपुस्तक क्रम कळण्यासाठी जवळ असू द्या. उत्तरसूचीत निदान अवघड गणितांची रीत हवी, कारण अडल्यावर मूल तुमच्याकडेच येणार. आणि मूल एखाद्या पुस्तकाला कंटाळलं तर ते बदलण्याआधी तीच गणितं तोंडी विचारा. तोंडी जमत असतील तर अडचण लिहिण्याची किंवा वाचण्याची आहे. नवीन गणिताचं पुस्तक आणून ती सुटायची नाही.