घसा बरा झाला, पुढं?

(पहाट. मिरजेतलं एक जुनं घर. पडद्यावर अंधार. एक बारीक, एकसुरी आवाज : टिक, टिक, टिक.)

हे घड्याळ नाही. या खोलीत घड्याळ लावलेलंच नाही. आवाज येतोय तो माझ्या मावशीच्या छातीतून.

धातूची झडप आहे ती. हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे मायट्रल नावाची झडप असते, तिच्या जागी २००३ साली बसवलेली. दिवसा गोंगाटात ऐकू येत नाही. रात्री सगळं निवलं की येते. सुट्टीत आम्ही पोरं तिच्याजवळ झोपायचो आणि कुजबुजत ठोके मोजायचो. ती म्हणायची, "मोजू नका रे. थांबलं की कळंलच की."

(उजाडतं. मावशी चुलीपुढं नाही, गॅसपुढं उभी. चहा उकळतोय.)

मावशी, हे कशानं झालं गं?

"घसा दुखला होता."

एवढंच?

"एवढंच."

(मिरज जंक्शन. सतारी बनवणाऱ्यांची गल्ली. वाळत टांगलेले भोपळे.)

मिरजेला माणसं लांबून येतात ती दोन कामांसाठी. सतार-तंबोरा घ्यायला, नाहीतर औषधपाण्याला. १८९४ साली विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी इथं रुग्णालय उघडलं, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि गल्लोगल्ली दवाखाने झाले. गळ्यासाठी तर गाव नावाजलेलंच. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथलेच होऊन राहिले. पण आपल्या गोष्टीतला गळा गाणाऱ्याचा नाही, वाळवा तालुक्यातल्या एका अकरा वर्षांच्या मुलीचा आहे.

साल १९७४. पावसाळा. मावशीला थुंकीसुद्धा गिळवेना. अंगात फणफणून ताप, गळ्याला दोन्ही बाजूंनी गाठी. खोकला मात्र नव्हता, नाकही गळत नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गावात डॉक्टर नव्हता, गुरुजी होते. त्या काळी असे गुरुजी, पोस्टमास्तर खूप गावांतून असत. घरी लाकडी पेटी, पेटीत बुचाच्या बारक्या बाटल्या, शेजारी वापरून फाटलेलं होमिओपॅथीचं पुस्तक. पैसे घेत नसत. गुरुजींनी चमच्यानं जीभ दाबून कंदिलाच्या उजेडात घसा बघितला, पुस्तक चाळलं आणि बेलाडोनाच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी मावशी ओढ्यावर खेळायला गेली.

"गुरुजींच्या हाताला गुण होता," मावशी आजही म्हणते.

तीन आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला. लालभडक, हात लावू देईना. दोन दिवसांत तो उतरला आणि घोटा धरला. मग मनगट. आज्जीनं निर्गुडीचा पाला बांधला. महिन्याभरात सांधे मोकळे झाले, वाकडेपणा नाही की कुरकूर नाही. निर्गुडीलाही गुण आला म्हणायचं.

(सूक्ष्मदर्शकातलं चित्र : मण्यांच्या माळेसारखे जंतू.)

हे स्ट्रेप्टोकोकस. ग्रीकमध्ये पिळदार साखळी आणि दाणा, असं मिळून झालेलं नाव. विएन्नाच्या बिलरोथ या शल्यविशारदानं १८७४ मध्ये, म्हणजे मावशीच्या घशाच्या बरोबर शंभर वर्षं आधी, सडलेल्या जखमांत या माळा पाहिल्या. यांच्यातला 'ए' गट माणसाचा जुना वैरी. बाळंतिणींना घेऊन जाणारा सूतिकाज्वर बऱ्याचदा याचाच. अंगावर लाल पुरळ आणणारा स्कार्लेट फीव्हर याचाच. पावसाळ्यात पोरांच्या पायावर चिघळणारे फोडही कित्येकदा याचेच. त्या फोडांनंतर काही आठवड्यांनी एखाद्या पोराचा चेहरा सकाळी सुजलेला दिसतो, लघवी काळ्या चहासारखी होते. ते मूत्रपिंडाचं दुखणं. ते सहसा भरून येतं. हृदयाचं तसं नाही.

या जंतूच्या अंगावर एम नावाचं प्रथिन असतं. त्याची घडण आपल्या हृदयाच्या स्नायूतल्या काही प्रथिनांशी जुळते. शरीर जंतूविरुद्ध फौज उभी करतं, जंतू मरतो, पण फौज माघारी फिरत नाही. पंचनाम्यात नाव एकाचं आणि बेडी दुसऱ्याला, असला तो प्रकार. सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा सुजतात, कधी हातपाय आपोआप नाचायला लागतात. हा ऱ्हुमॅटिक फीव्हर. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर लासेग यांनी म्हणून ठेवलंय की हा आजार सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. मावशीचे सांधे चाटून झाले होते. चावलेलं कुणाला दिसलं नाही.

दिसलं १९८८ मध्ये. दुसऱ्या खेपेला सहावा महिना लागला आणि मावशीला आडवं होता येईना. उशाला तीन उशा घेऊन बसून झोपायची. गरोदरपणात रक्त वाढतं आणि आकसलेल्या झडपेतून ते पुढं सरकत नाही, फुप्फुसात तुंबतं. मिरजेत डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि पहिला प्रश्न विचारला, "लहानपणी सांधे सुजले होते का?" चौदा वर्षांनी कुणीतरी नेमका प्रश्न विचारत होतं.

(सांगलीतली एक पेठ. होमिओपॅथीचा छोटा दवाखाना. बाहेर चपलांची रांग.)

आता ही रांग कशासाठी ते बघू. इथं डॉक्टर वेळ देतात. झोप कशी, तहान किती, स्वप्नं कुठली पडतात, सगळं विचारतात. सुई नाही, कडू औषध नाही, पोरं रडत नाहीत. घसादुखीला यांच्या पुस्तकात बरीच औषधं आहेत : लालबुंद घशाला बेलाडोना, तोंडाला वास आणि लाळ असेल तर मर्क सोल, सूज पिकायला लागली की हेपर सल्फ, डावीकडून उजवीकडं दुखणं सरकलं तर लॅकेसिस. सांधेदुखी एकीकडून दुसरीकडं हिंडत हृदयाकडं जाते, अशा रोग्यासाठी कॅल्मिया हे औषध या पुस्तकांत दिलेलं आहे. मला हे वाचून नवल वाटलं. म्हणजे त्या जुन्या वैद्यांनी हा आजार डोळ्यांनी पाहिला होता, बारकाईनं पाहिला होता. स्ट्रेप्टोकोक्सिनम नावाचं औषध तर याच जंतूपासून बनवतात.

बनवतात म्हणजे विरळ करतात. एका थेंबाला नव्याण्णव थेंब, त्यातल्या एकाला पुन्हा नव्याण्णव. बाटलीवर तीस लिहिलंय म्हणजे असं तीस वेळा.

(कोयना धरण. सहा दरवाजे. पाणी कोसळतंय.)

सांगलीकराला कोयनेचा टीएमसी सांगावा लागत नाही. धरण काठोकाठ भरलं, म्हणजे एकशे पाच टीएमसी, एकशे पाच अब्ज घनफूट पाणी. तर या भरलेल्या धरणात औषधाचा एक थेंब टाकून ढवळला, तर होणारं पाणी साधारण आठ नंबरचं. तीसला पोचायला त्या पाण्याचा थेंब घेऊन अजून बावीस वेळा तेच करायचं. बाटलीत मूळ औषधाचा एक रेणूही सापडायची शक्यता उरत नाही. होमिओपॅथीवाले म्हणतात रेणू नको, शक्ती उतरते. ही शक्ती कुठल्या मापात मोजायची, ते रसायनशास्त्राला आजवर सापडलेलं नाही.

आणि तरी घसा बरा होतो. इथंच सगळी मेख आहे.

स्ट्रेपचा, म्हणजे स्ट्रेप्टोकोकसनं धरलेला घसा तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतो. गोळी द्या, काढा द्या, अंगारा लावा, काही देऊ नका. ज्यानं शेवटी हात लावला त्याच्या नावावर गुण जमा. खुद्द होमिओपॅथीचे जनक हानेमान यांची हीच गोष्ट. १७९९ च्या सुमारास जर्मनीत कोनिग्सलुटर गावी स्कार्लेट फीव्हरची साथ होती. एका घरातली बेलाडोना घेणारी मुलगी वाचली, बाकीच्यांना ताप आला. यावरून त्यांनी बेलाडोना साथ टाळतं असं मानलं आणि १८०१ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. सुरुवात एका घरातल्या एका मुलीवरून. हा ताप स्ट्रेप्टोकोकसचा, हे ठामपणे कळायला १९२० चं दशक उजाडावं लागलं.

दुसरी गंमत एएसओची. सांगली-मिरजेत कुठल्याही लॅबमध्ये ही रक्ततपासणी होते. "पोराचा एएसओ वाढलाय" म्हणून आईबाप घाबरून फिरत असतात. एएसओ एवढंच सांगतो की स्ट्रेप येऊन गेला. जंतू गेल्यावरही आकडा काही आठवडे चढतो आणि मग महिनोन्‌महिने हळूहळू आपोआप उतरतो. त्या उतरण्याच्या काळात जे काही चालू असेल त्याला प्रमाणपत्र मिळतं. झडपेचं काय झालं हे एएसओला ठाऊक नसतं. त्यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढावा लागतो.

उपचार न झालेल्या शंभर स्ट्रेप घशांतल्या फार तर दोन-तीन मुलांना ऱ्हुमॅटिक फीव्हर होतो, एरवी त्याहूनही कमी. म्हणजे गोळ्या देणाऱ्याला सत्त्याण्णव पोरं ठणठणीत दिसतात. उरलेली तीन सांधे सुजल्यावर दुसऱ्याच डॉक्टरकडं जातात आणि झडप बिघडल्यावर तिसऱ्याच शहरात. आमचे गुरुजी १९८१ साली वारले. आपल्या हातून काही राहून गेलं, हे त्यांना कधी कळलंच नाही. कळायला वाटच नव्हती.

(त्याच दवाखान्यात. डॉक्टर खुर्चीत. मागं काचेच्या कपाटात बाटल्या.)

या डॉक्टरांनी नाव न सांगण्याच्या अटीवर बोलायचं कबूल केलं.

"डॉक्टर, घशाला तुम्ही काय देता?"

"घसा बरा करण्यात काय विशेष आहे हो? माझ्याकडं आला नसता तरी बरा झाला असता. मी आधी विचारतो, खोकला आहे का? नाक वाहतंय का? असेल तर बहुतेक व्हायरल, द्यायच्या चार गोळ्या, करायच्या गुळण्या. पण पाच ते पंधरा वयाचं पोर, ताप आहे, गळ्याला दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरं, आणि खोकला नाही, तर मी बाटलीला हात लावत नाही. घशाचा स्वॅब करून या म्हणतो."

"पेशंट तुटत नाहीत?"

"तुटतात की. एक बाई म्हणाल्या, डॉक्टर, तुमचाच तुमच्या औषधावर विश्वास नाही का?"

ते हसले, पण त्यांनी उत्तर दिलं नाही. मीही पुढं ताणलं नाही.

बाजू त्यांचीही आहे. मुलांच्या दर दहा घसादुख्यांतल्या दोन-तीनच स्ट्रेपच्या. उरलेल्यांना अँटिबायोटिक देणं म्हणजे डासाला तोफ. तीन दिवसांच्या गोळ्या आणि वर एक इंजेक्शन असली पद्धत आपल्याकडं बोकाळलीय, आणि तिला कंटाळूनच कित्येक आईबाप साखरेच्या गोळ्यांकडं वळतात. त्यांची तक्रार खरी आहे, त्यांनी शोधलेला उपाय खरा नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये होमिओपॅथीवरचे अभ्यास तपासून सांगितलं की कुठल्याच आजारात ती गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. स्ट्रेपला मात्र पेनिसिलिन आजही लागू पडतं. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत सुरू केलं तरी ऱ्हुमॅटिक फीव्हर टळतो. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, पूर्ण दहा दिवस. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं म्हणून सोडायचं नाही.

(फडात ऊसतोड. बैलगाडी. पाचटाच्या कोप्या, धूर.)

एकदा ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला की मामला लांबतो. पुन्हा स्ट्रेप झाला तर झडप अजून बिघडते, म्हणून दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. जाड सुई, दुखरं औषध, कमरेखाली. हृदयाला धक्का नसेल तर किमान पाच वर्षं किंवा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, जे उशिरा येईल ते. झडप बिघडलेली असेल तर चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर. पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन येईल या धास्तीनं बरेच दवाखाने ते द्यायला नाही म्हणतात. औषध इतकं स्वस्त की बनवणाऱ्यांना त्यात रस नाही, म्हणून मधूनच मिळेनासंही होतं.

आणि हा आजार राहतो कुठं, तर दाटीत. एका कोपीत सहा माणसं, एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. एखाद्या मुलीची इंजेक्शनची वही तिकडच्या आरोग्य केंद्रात, मुलगी इकडं उसाच्या फडात. एकवीस दिवस कोण मोजणार? २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहे. पण तपासणी शाळेत होते, आणि ही मुलगी गाडीवर मोळ्या रचत असते.

(पुन्हा मावशीचं घर. खिडकीत गोळ्यांचा डबा.)

१९८८ साली मावशीची झडप शस्त्रक्रियेनं मोकळी केली. बाळ वाचलं, तोच माझा मावसभाऊ. पंधरा वर्षांनी झडप पुन्हा आकसली, म्हणून ही धातूची. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते बघायची तपासणी. मेथी-पालक सोडायची नाही, पण एक दिवस ढीगभर आणि चार दिवस अजिबात नाही असंही करायचं नाही. दात काढायचा तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. गुडघा दुखला तर दुकानातून वेदनाशामक आणायचं नाही. सुनेनं हे सगळं फ्रिजवर लिहून लावलंय.

चित्रीकरणाच्या त्या आठवड्यात मावशीच्या नातीचा घसा धरला. मावशीनं बॅटरी लावून बघितलं, गाठी चाचपल्या, खोकतेस का विचारलं. पोर म्हणाली, नाही. मावशीचा चेहरा उतरला. तासाभरात दोघी रिक्षातून स्वॅबला. रिपोर्टला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस मावशी नीट जेवली नाही.

रिपोर्ट कोरा निघाला. स्ट्रेप नव्हता. डॉक्टरांनी तापाची गोळी आणि मिठाच्या गुळण्या सांगितल्या, बाकी काही नाही. घरातल्या एका डबीत साखरेच्या गोळ्या असतात, त्याही नातीनं मागून मागून खाल्ल्या. चौथ्या दिवशी ती अंगणात उड्या मारत होती.

"आता हिला कुणी बरं केलं म्हणायचं?" मावशीनं मला विचारलं.

नात डबीकडं बघत होती. "अजून दोन दे की गं आज्जी."